वाइड लेन्स घेण्याआधी: मागे सरकायला जागा किती आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. हातात कॅननचा २०० डी कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद). बहीण इंटिरियरची कामं घेते, तिच्या पुऱ्या झालेल्या फ्लॅट्सचे फोटो काढून द्यायचेत. सुट्टीत गडांवर जाणं होतं, तिथला निसर्ग हवाय. शिवाय पेठांमधले उरलेसुरले वाडे आणि जुनी देवळं, ती आहेत तोवर टिपून ठेवायचीत. बजेट ३० हजार. या सगळ्याला मिळून एक वाइड लेन्स हवी, आणि मित्राने टोकिना ११-१६ एफ/२.८ सुचवलीय, कारण ती ‘फास्ट’ आहे, म्हणजे तिचं अॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) मोठं उघडतं; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं.

घाईत असाल तर उत्तर आधीच देऊन टाकते. कॅननची ईएफ-एस १०-१८ घ्या, वापरलेली असली तरी चालेल, आणि राहिलेल्या पैशांत धड ट्रायपॉड घ्या. टोकिना वाईट लेन्स अजिबात नाही, फक्त तुम्ही सांगितलेल्या तीन कामांत तिचा मोठा गुण वापरलाच जाणार नाही. आणि गडांवर १८-५५ घरी ठेवून जाऊ नका. का, ते आता सावकाश सांगते.

वाइड लेन्स घ्यावीशी वाटते ती बहुतेकदा ‘सगळं मावत नाही’ म्हणून. पण मावत नाही याची कारणं दोन असू शकतात. एक, मागे सरकायला जागाच नाही: पाठीमागे भिंत आहे, रस्ता आहे, दरी आहे. दोन, जागा आहे पण आपण सरकत नाही. पहिल्या कारणावर वाइड लेन्स हा खरा उपाय आहे. दुसऱ्यावर ती घेतली तर फोटो बिघडतो, कारण जवळची वस्तू मोठी आणि लांबची छोटी दिसण्याचं प्रमाण लेन्स ठरवत नाही, तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवतं. एकाच जागेवरून १८ ने काढलेला फोटो आणि १० ने काढून मधला भाग कापलेला फोटो, दोन्हींतला तोल अगदी एकसारखा असतो. लेन्स फक्त किती कापायचं ते सांगते. म्हणून मी कुठल्याही जागी गेले की कॅमेरा बॅगेत ठेवून आधी फिरते, उभं कुठे राहायचं ते ठरवते, आणि मग तिथून जेवढं हवं तेवढ्याची लेन्स लावते. तुमच्या तिन्ही कामांत उभं राहायची जागा वेगळ्या कारणाने ठरते, म्हणून तिन्हींची गरजही वेगळी निघते.

घराच्या आतलं काम आधी घेते, कारण खरी अडचण तिथेच आहे. एक साधं गणित लक्षात ठेवा: समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) रुंदी, भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिलिमीटरचा आकडा. म्हणजे त्या अंतरावर किती रुंदी फ्रेममध्ये येईल ते कळतं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आहे. पुण्यातल्या सोसायटीतली बेडरूम बहुधा १० बाय १२ ची. १२ फुटी भिंत समोर घेतली, पाठीमागच्या भिंतीला चिकटून उभे राहिलात, तरी कॅमेरा आणि ट्रायपॉड धरून हातात ९ फूट उरतात. १८ ने तिथे ११ फूट येतात, म्हणजे समोरची भिंतसुद्धा पुरी मावत नाही. १४ ने १४ फुटांच्या वर येतात: भिंत पुरी, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींची थोडी सुरुवात, जिच्यामुळे ही खोली आहे हे कळतं. १० ने २० फूट. कोपऱ्यात उभं राहायचं झालं तर हिशेब अंशांत करा. खोलीचा कोपरा ९० अंशांचा असतो. तुमच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर आडव्या फ्रेममध्ये साधारण ६३ अंश बघते, ११ मिलिमीटर ९० च्या आसपास आणि १० मिलिमीटर ९६.

हे आकडे बघून ‘मग १०च घ्यावं, सगळं येतंय’ असं वाटेल. तिथेच थांबा. १० वर पलंगाचं पायथ्याकडचं टोक फ्रेमभर पसरतं, त्यामागचं कपाट आक्रसतं, आणि १० बाय १२ ची खोली लग्नाचा हॉल वाटायला लागते. फ्लॅट विकणाऱ्यांच्या जाहिरातींत असे फोटो ढिगाने दिसतात. प्रत्यक्ष बघायला आलेला माणूस दारातच ‘एवढीच?’ म्हणतो. तुमच्या बहिणीला तर घर विकायचं नाही, तिचं काम दाखवायचं आहे. कपाटाच्या शटरचं प्रमाण, पलंगाच्या माथ्याची उंची, फॉल्स सीलिंगची जाडी हे तिने विचारपूर्वक ठरवलेलं असणार, ते फोटोत ताणलं गेलं तर तिचंच नुकसान. मी आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाल्यांची कामं करते तेव्हा फुल फ्रेमवर (तुमच्यापेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) बहुतेक वेळा २० ते २६ च्या दरम्यान असते. तुमच्या कॅमेऱ्यावर कॅननचा १.६ चा क्रॉप धरला, म्हणजे सेन्सर तेवढ्या पटीने लहान, तर ते साडेबारा ते सोळा होतं. १० मी ठेवते ते बाथरूमसाठी, अरुंद पॅसेजसाठी आणि एखाद्या चिंचोळ्या किचनसाठी.

आणि लेन्स रुंद करण्याआधी जागा मिळवायचा प्रयत्न करा. बेडरूमचं दार पूर्ण उघडून पॅसेजमधून काढा. हॉल काढायचा असेल तर बाल्कनीत जा, सरकतं दार बाजूला करा आणि आत बघा. चार-पाच फूट तिथेच मिळतात. समोरची खुर्ची किंवा टीपॉय फ्रेमच्या बाहेर उचलून ठेवा. हे दोन फूट मिळाले की दोन मिलिमीटर वाचतात, आणि फोटोत ते लगेच दिसतं.

आता ‘डिस्टॉर्शन’. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात आणि त्यामुळे घोळ होतो. पहिली, फ्रेमच्या कडेजवळची सरळ रेष बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसणं. हा लेन्सचा दोष, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल लावलं की जवळजवळ जातो. त्याची फार काळजी करू नका. दुसरी, इमारतीच्या किंवा दाराच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकणं. यात लेन्सची काहीच चूक नाही, कॅमेरा वर किंवा खाली कलला आहे एवढाच त्याचा अर्थ. तिसरी सगळ्यात चिवट: फ्रेमच्या कोपऱ्यातल्या वस्तू कोपऱ्याच्या दिशेने ओढल्या जाणं, लाटताना एका बाजूला जोर जास्त पडलेल्या पोळीसारख्या. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या प्रत्येक लेन्समध्ये हे होणारच, कितीही महाग घ्या. तुमच्या कॅमेऱ्यावर १० मिलिमीटरला अगदी कोपऱ्यातला गोल दिवा दीडपटीहून जास्त लांबट येतो, १४ ला साधारण १.४ पट, १८ ला सव्वापट. म्हणून गोल वस्तू, माणसांचे चेहरे, कमोड, झुंबर, गोल डायनिंग टेबल या गोष्टी कडेला ठेवायच्या नाहीत. कडेला जमीन, कोरी भिंत, पडदा असं काहीतरी ठेवा, ज्याचा ताण डोळ्याला कळत नाही. पाताळेश्वराच्या अंगणातला गोल नंदीमंडप याचा उत्तम धडा आहे: मध्यावर ठेवला तर दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, फ्रेमच्या कडेला सरकवला की तोच कोपऱ्याकडे ओढला जातो. एकदा जाऊन दोन्ही काढून बघा, पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा लवकर समजेल.

कॅमेऱ्याची उंची हा लेन्सच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे आणि त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की फ्रेममध्ये फरशी फार येते, आणि ती कमी करायला कॅमेरा वर करावा तर रेषा झुकतात. हॉल आणि बेडरूममध्ये मी साधारण छातीच्या खाली, चार फुटांच्या आसपास ठेवते. किचनमध्ये ओट्याच्या जरा वर, म्हणजे ग्रॅनाइटची पातळ पट्टी दिसते, पण वरच्या कपाटांचे तळ फार दिसत नाहीत. कॅमेरा पूर्ण सपाट ठेवायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघताना) ग्रिड चालू करायची आणि दाराची चौकट त्या रेषेशी जुळवायची.

इथेच टोकिनाच्या एफ/२.८ चा प्रश्न निकालात निघतो. आतल्या कामात कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० असतो आणि अॅपर्चर एफ/८, कारण जवळच्या सोफ्यापासून खिडकीच्या गजांपर्यंत सगळं स्पष्ट हवं. शटर एक सेकंद उघडं राहिलं काय नि चार सेकंद राहिलं काय, सोफा हलत नाही. २.८ ला कोणी हातच लावत नाही. दिवसा खिडकीबाहेरचा उजेड आणि आतला अंधार यांची तफावत एका फोटोत येत नाही, ती लेन्सने सुटणारी अडचणही नाही. त्यासाठी तुमच्या कॅमेऱ्यात एईबी आहे, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप काढायची सोय: एक नीट, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), असे तीन फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढून नंतर एकत्र करायचे. कॅमेऱ्याला हात न लावता, दोन सेकंदांच्या टायमरवर. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद ठेवा. दिवे लावायचे की नाही, हे बहिणीशी बोलून ठरवा. पिवळे दिवे आणि खिडकीतला निळसर उजेड एकाच भिंतीवर पडला की रंग सुधारता सुधारता नाकी नऊ येतात. मी दोन्ही प्रकारे काढून ठेवते.

वाडे आणि देवळांकडे वळू. इथे पाठीमागे भिंत नसते, रस्ता असतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर मोकळं मैदान आहे, मागे जा म्हणाल तेवढं जाता येतं, तिथे तुमची १८-५५ पुरून उरते. विश्रामबाग वाड्यासमोर बाजीराव रस्ता आहे. पलीकडच्या फुटपाथवर जाऊन पाठ दुकानाच्या शटरला टेकली की संपलं. मग आपण कॅमेरा वर करतो आणि ते सुंदर लाकडी कोरीव खांब मागे कलंडायला लागतात.

यावरचा स्वस्त आणि चोख उपाय असा. कॅमेरा उभा धरा, पूर्ण सपाट ठेवा, वर अजिबात करू नका. इमारत फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात येईल, खालच्या अर्ध्यात रस्ता, स्कूटर आणि सांडलेलं सगळं येईल. तो खालचा भाग कापून टाका. रेषा सरळच राहतात, कारण कॅमेरा कललाच नाही. किती लांब उभं राहावं लागेल तेही काढता येतं. समजा इमारत ४० फूट उंच आणि कॅमेरा ५ फुटांवर, म्हणजे वरचे ३५ फूट मावायला हवेत. १८ मिलिमीटरला त्यासाठी साधारण ५७ फूट मागे जावं लागेल. १० मिलिमीटरला ३१ फूट पुरतात. पेठेतल्या रस्त्यावर ५७ आणि ३१ मधला फरक म्हणजे फोटो होणं आणि न होणं. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. अर्धी फ्रेम कापून टाकलीत तरी १२ उरतात, आणि त्यात ए३ आकाराची छपाई व्यवस्थित होते. इथे मात्र १० मिलिमीटरचा खरा उपयोग आहे, सगळ्यात जास्त.

खास याच कामासाठी शिफ्ट लेन्स असतात, ज्यांत कॅमेरा सपाट ठेवून लेन्सच वर सरकवता येते. कॅननच्या टीएस-ई १७ आणि २४ मी भाड्याने आणून वापरते आणि मोठ्या कामाला त्यांना तोड नाही. पण तुमच्या क्रॉप सेन्सरवर २४ ची ३८ होते, १७ ची २७. एवढे पैसे मोजून रुंदी गमवायची, त्यात काही अर्थ नाही. फुल फ्रेमवर गेलात तर तेव्हा बघू.

सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, तेव्हा कॅमेरा कलला तर काय बिघडलं, असंही कोणी म्हणेल. थोडं कललं तर काहीच नाही. पण सरळ करताना वरचा भाग ताणला जातो, दोन्ही बाजू कापल्या जातात आणि इमारत लांबुडकी दिसायला लागते. म्हणून ते करायचंच असेल तर कडेला भरपूर मोकळी जागा सोडून काढा. आणि एक माझं वैयक्तिक मत: कलवायचंच असेल तर मनसोक्त कलवा. वाड्याच्या चौकात मधोमध उभं राहून थेट आभाळाकडे बघत काढलेला फोटो, चारी बाजूंचे सज्जे आत झुकलेले, तो छानच दिसतो. दोन-चार अंशांचं कलणं मात्र नुसतं चुकल्यासारखं वाटतं.

वाड्याच्या आत माजघरात, किंवा कार्ल्याच्या चैत्यात, परत घरातल्यासारखीच स्थिती, फक्त एक फरक. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. हातातच धरून काढायचं तर १०-१८ मधलं स्टॅबिलायझेशन उपयोगी पडतं. १० मिलिमीटरला श्वास रोखून पाव सेकंदाचे फोटो बऱ्यापैकी स्थिर मिळतात. टोकिनात ते नाही. टोकिना एफ/२.८ वर अडीचपट जास्त उजेड घेईल हे खरं, पण तेव्हा कोपरे मऊ पडतात, आणि कोपऱ्यांतच तर खांब असतात. कार्ल्याचा चैत्य सुमारे ४५ मीटर लांब आहे, आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि वर प्राचीन सागवानी कमानी. तिथे दाराशी उभं राहून १० ने काढलं की स्तूप अगदी लहान होतो आणि नुसते जवळचे दोन खांब अंगावर येतात. आत चालत जा, स्तूपाच्या जवळ, आणि मग वाइड लावा.

गडांबद्दल माझं मत बहुतेकांना पटत नाही, तरी सांगते. निसर्गचित्रासाठी सगळ्यात आधी वाइड लेन्स घ्यावी, हे मला मान्य नाही. राजगडावरून तोरणा तुमच्या डोळ्याला भव्य दिसतो, १० मिलिमीटरने काढला की क्षितिजावर एक खडा पडल्यासारखा दिसतो. हिशेब सरळ आहे: तीच वस्तू, त्याच जागेवरून, ५५ ला १० पेक्षा साडेपाच पट मोठी येते. सह्याद्रीतल्या एकामागे एक रांगा, पावसाळ्यातलं धुकं, पवना धरणाच्या पाण्यापलीकडचा तुंग, हे सगळं १८-५५ च्या मोठ्या टोकाचं काम, कधी त्याहूनही लांबच्या लेन्सचं. आणि खरंच आडवं पसरलेलं दृश्य असेल तर कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर तिसरा हिस्सा येईल असे पाच-सहा फोटो काढून जोडा. डोंगर लांब असले की जोड दिसत नाही. घरात मात्र हे करू नका, जवळच्या वस्तूंचे जोड फाटतात.

वाइडचा गडावर उपयोग आहे तो जवळच्या गोष्टीसाठी. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पायाशी घेऊन ती लांब जाताना दाखवायची, सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून पलीकडचं आभाळ चौकटीत धरायचं, कासला फुलांच्या अगदी जवळ खाली बसायचं. थोडक्यात, पुढ्यात हात-दोन हातांवर काहीतरी बघण्यासारखं असेल तरच ती लावा. त्यासाठी फोकस कुठे करायचा हेही सोपं आहे. १० मिलिमीटर, एफ/८, आणि फोकस अडीच-तीन फुटांवरच्या दगडावर. साधारण सव्वा-दीड फुटापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. १०-१८ वर अंतराच्या खुणा नाहीत, आणि तिची फोकसची रिंग कॅमेरा जागा असेल तेव्हाच चालते. म्हणून दगडावर ऑटोफोकस करा, मग स्विच मॅन्युअलवर टाका आणि हात लावू नका.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा, लेन्सपुढे लावायचा फिल्टर घेणार असाल तर सावध. ओली पानं, ओला कातळ, पाणी यांची चकाकी तो छान मारतो, पावसाळ्यात मी तो काढतच नाही. पण मोकळ्या आभाळावर १० मिलिमीटरला वापरला तर आभाळात एक गडद पट्टा येतो, कारण फिल्टरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सगळ्यात जास्त असतो आणि तुमची फ्रेमच ९० अंशांहून रुंद. मापही बघून घ्या: १०-१८ ला ६७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, टोकिना ११-१६ ला ७७ चा. पुढे फुगीर काच असलेल्या, सिग्मा ८-१६ सारख्या लेन्सला तर स्क्रूचा फिल्टर बसतच नाही.

आता बाकीचे पर्याय भरभर. टोकिना ११-१६ घ्यावी असं मी सांगेन, जर तुम्हाला रात्री गडावरून आकाशगंगा काढायची असेल किंवा अंधाऱ्या हॉलमध्ये हलणारी माणसं. तिथे २.८ ला पर्याय नाही. कॅननची जुनी १०-२२ बांधणीला आणि अॅपर्चरला सरस आहे, मात्र तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि चांगल्या स्थितीत स्वस्त मिळाली तरच बघा. १०-१८ प्लॅस्टिकची आहे, माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा, पावसापासून संरक्षण शून्य. पण २४० ग्रॅमची लेन्स गड चढताना खांद्याला कळत नाही. हूड (लेन्सवर तिरका उजेड पडू न देणारी कड) वेगळा विकत घ्यावा लागतो, तो घ्याच, ट्यूबलाइट आणि मावळतीचा सूर्य फार त्रास देतात. फिशआय, म्हणजे सरळ रेषा वाकवणारी अतिरुंद लेन्स, नको. आणि लेन्सच्या पुढे स्क्रू करून बसवायचे ‘वाइड कन्व्हर्टर’ ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कडा इतक्या पुसट येतात की कापून कापून परत १८ वरच येता.

हेच वाचणाऱ्या निकॉनवाल्यांसाठी: डीएक्सची एएफ-पी १०-२० चांगली आहे, फक्त डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडीवर तिचा फोकस चालत नाही, घेण्याआधी खात्री करा. सोनीच्या क्रॉप सेन्सरला सिग्मा १०-१८ किंवा टॅमरॉन ११-२०. फुल फ्रेमवाल्यांनी १६-३५ एफ/४ च्या आसपास बघावं, २.८ च्या वजनाची आणि किमतीची या कामाला गरज नाही.

पुढेमागे कॅमेरा बदलणार असाल तर त्यावरही थोडं अवलंबून आहे. आर ५० किंवा आर १० सारखा कॅननचा मिररलेस घेतलात तर अॅडॉप्टर लावून ही १०-१८ तशीच चालेल. फुल फ्रेमवर गेलात तर कॅमेरा मधलाच भाग वापरेल आणि मेगापिक्सेल निम्म्याहून कमी होतील, तेव्हा ती विकावी लागेल. वर्षभरात फुल फ्रेम नक्की असेल तर आत्ता लेन्सच घेऊ नका.

वापरलेली घेताना विक्रेत्यासमोर तीन गोष्टी बघा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळीसारखे धागे दिसतात का: आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी फार धरते, आणि तुम्ही घेतल्यावरही सिलिका जेल घालून हवाबंद डब्यातच ठेवा. दुसरं, विटांची किंवा टाइल्सची भिंत समोर धरून, भिंतीशी समांतर, १० मिलिमीटर आणि सगळ्यात मोठ्या अॅपर्चरवर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असले तर ठीक. डावी बाजू स्पष्ट आणि उजवी पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे. किंमत पाडून दिली तरी घेऊ नका, इमारतींच्या फोटोत तो दोष रोज दिसेल. तिसरं, स्टॅबिलायझेशन चालू-बंद करून आवाज आणि चित्र उडी मारतं का ते बघा.

पण पैसे देण्याआधी एक-दोन गोष्टी करून बघायला हरकत नाही. तुमच्या फोनला ०.५ चा कॅमेरा असेल तर तो बहुतेक फोनमध्ये फुल फ्रेमच्या १३ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या कॅननवर साधारण ८. बहिणीच्या फ्लॅटमध्ये, वाड्यासमोर तो लावून बघा. ज्या जागेवरून त्यातही मावत नाही, तिथे १०-१८ ही मावणार नाही, जागाच बदलावी लागेल. मग एका शनिवार-रविवारपुरती १०-१८ भाड्याने आणा, पुण्यात सहज मिळते. एक फ्लॅट, एक वाडा, एक गड. घरी येऊन जे फोटो खरंच ठेवावेसे वाटतात, तेवढ्यांचीच फोकल लेंग्थ कॉम्प्युटरवर तपासा. १० ते १३ मध्ये बरेच असतील तर डोळे मिटून घ्या. बहुतेक १५ च्या पुढेच पडले असतील तर कॅननची ईएफ-एस १५-८५ वापरलेली शोधा, ती तुमच्या १८-५५ च्या जागीच बसेल आणि बॅगेत एकच लेन्स राहील. आकडे आले की इथेच लिहा, फ्लॅटचे एक-दोन फोटोही टाका, म्हणजे ट्रायपॉड कोणता घ्यावा ते त्यावरून सांगते.